उजव्या पाकळीवरचा अंगठा

दत्तू, तू मुद्दाम गेलास, असा मला संशय आहे.

डॉक्टर काहीही म्हणोत. कोल्हापूरच्या दवाखान्यातनं आलेल्या कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलंय. तो कागद मी दोनदा वाचला, खालची सहीसुद्धा निरखून बघितली. तरी मन मानत नाही. दोन महिने तू माझ्याशी बोलला नाहीस, मी तुझ्याशी बोललो नाही, आणि आता कुठं मी येऊन विचारणार, तर तू हात झटकून मोकळा. शाळेतही तू असाच होतास. गुरुजी पाढे विचारत तुझ्या रांगेला आले की तुझ्या पोटात दुखायला लागायचं.

परवा तुझं तेरावं झालं. तालुक्याच्या साप्ताहिकाचा माणूस आला होता. म्हणाला, "सर, गुरवांवर चार ओळी द्या, तुम्ही बालमित्र." दिल्या. तुझी देवसेवा, तुझा मनमिळाऊ स्वभाव. तू मनमिळाऊ! वाचून तू पान थुंकून हसला असतास. तो लेख छापून येईल, हा येणार नाही. हा मी वहीत लिहितोय आणि लिहून झाला की कपाटात ठेवणार आहे.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी चहा ठेवू देत नाही, त्यावरनं मालती रोज कातावते. पण बत्तीस वर्षं गारगोटीत विज्ञान शिकवलं आणि बत्तीस वर्षं परीक्षेला वर्गातनं फेऱ्या मारल्या, त्यात एक गोष्ट शिकलो. कॉपी करणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नसतं, हाताकडं बघायचं. तोंड काय, सगळ्यांचंच गरीब असतं. तुझंही होतं.

तसं बघायला गेलं तर तुझंमाझं जमायचं काही कारण नव्हतं. तू गावच्या देवराईतल्या देवाचा गुरव. आमच्या घरात आज्ज्यानं धम्म घेतल्यापासून देव नाही, आणि त्याआधी होता तेव्हा त्या देवानं आम्हाला राईच्या बांधाच्या आत घेतलं नव्हतं. आज्जा बांधाबाहेरनं नारळ ठेवायचा आणि तुझा आज्जा त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा. मला आता कुणी अडवत नव्हतं, पण मी आपणहून कधी राईच्या पायऱ्या चढलो नाही. तू खालच्या पायरीवर, मी बांधावर, अशी आपली जन्मभर बैठक.

"आत यी की लेका," तू म्हणायचास.

"तुझ्या देवाला आधी माफी मागू दे."

"सांगतो त्येला," म्हणून तू पान लावायला घ्यायचास. किती वर्षं सांगत होतास कुणास ठाऊक. निरोप काही आला नाही.

आणि तुझा तो कौल. राईतलं लाकूड हवं असलं की आधी देवाला विचारायचं, ही गावची रीत. देव उघड्यावरच, दगडी ओट्यावर, त्यामुळं बांधावरनं मला सगळं दिसायचं. तू दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायचास. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कुणाला घराला तुळई पाहिजे, डावी पडली. वखारवाला तोडायला किंजळ बघून गेला, डावी. रस्त्याचा ठेकेदार गाडीतनं उतरला, देवाला चांदीचे डोळे बसवतो म्हणाला, तरी डावीच. मोडून पडलेल्या फांदीसाठी विचारायला येणारी हौसाआक्का तेवढी दरवेळी उजवी घेऊन जायची. गाव म्हणायचं, देव लई कडक हाय. मी म्हणायचो, ह्या देवाला एवढं बरोब्बर कसं कळतं?

मग मी तुझ्या हाताकडं बघायला लागलो.

डावी पाकळी तू नुसती ठेवायचास. उजवीवर मात्र अंगठा दाबायचास, असा सहज, देवाच्या खांद्यावरची धूळ पुसल्यागत. हौसाआक्का आली की तोच अंगठा डावीवर जायचा. मी घरी आलो, पाटा भिंतीला उभा केला, परड्यातली जास्वंद ओरबाडली आणि तीस वेळा करून बघितलं. अंगठ्यानं दाबलेली पाकळी एकदाही आधी पडली नाही. मालती आतनं ओरडली, "चटणी वाटायची हाय मला! आनि तुमी कवापासनं देव पुजाय लागला?"

दुसऱ्या दिवशी तुला गाठून पाट्यावरचा प्रयोग सांगितला. म्हटलं, "दत्तू, तू लबाड आहेस."

तू चुन्याची डबी बंद केलीस. "आत्ता कळलं व्हय?"

मला वाटलं होतं तू चिडशील, देवाची शपथ घेशील. तू साधा लाजलासुद्धा नाहीस. मी तावातावानं बोलत सुटलो. ही फसवणूक आहे, लोकांना घाबरवून किती दिवस राई राखणार, भीती गेली की कुऱ्हाड येणार, त्यापेक्षा राई कशाला पाहिजे ते माणसांना समजावून सांग. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "वर्गात टेबलावर छडी ठेवतोस का न्हाय?"

"ठेवतो. पण कधी मारत नाही."

"मग माझा द्येव तरी कुणाला मारतोय?"

त्यावरनं मी दरवर्षी तोच वाद उकरून काढायचो. शेवटी एकच घोषा लावला होता मी. "एकदा, नुसता एकदा खरा कौल लाव. अंगठा न दाबता. मग बघू तुझा देव काय म्हणतो ते." तू म्हणायचास, "लावू की." इतक्या सहज म्हणायचास की मला तिथंही काहीतरी काळंबेरं दिसायचं.

समजावून सांगायच्या बाता मी मारायचो, पण मला समजावलंस तूच. उन्हाळ्यात एकदा मी बांधावर बसून पाण्याचं शास्त्र सांगत होतो. राई पाणी धरून कसं ठेवते वगैरे. तू म्हणालास, "बोलू नगंस, हात घाल." बांधाच्या आतल्या अंगाला पाचोळ्याची एवढी थोरली रास. मी हात घातला. वरचा पाचोळा पापडासारखा वाजत होता, खाली मनगटापर्यंत गेलो तर गार, ओलं, काळं. मूठ आवळली तर बोटांच्या फटीतनं पाणी आलं. "ह्ये खाली झऱ्याला जातंय," तू म्हणालास. त्या झऱ्यावर आपलं अख्खं गाव. आसपासच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर येतो, आपल्याला नाही. मी घरी जाऊन हात धुतले आणि पुढच्या वर्षीपासून तोच धडा पोरांना माझा म्हणून शिकवला. तुझं नाव घेतलं नाही.

टेकडीवरची निलगिरीही आज कबूल करून टाकतो. शाळेची पोरं घेऊन मी माळाच्या टेकडीवर झाडं लावली, सत्कार झाला, फोटो आला. तू चढून वर आलास, कमरेवर हात ठेवून बघितलंस आणि म्हणालास, "रांगंत हुबी केलीस व्हय? पीटी घेनार हायस काय त्यांची?" मी आठ दिवस बोललो नाही. झाडं वाढली, उंच झाली. त्यांच्याखाली गवताचं पातं उगवत नाही, त्यांच्यावर पाखरू घरटं करत नाही, आणि राईत मात्र धनेश दरवर्षी त्याच ढोलीत अंडी घालतो, गारंबीचा वेल ह्या झाडावरनं त्या झाडावर जातो, बी आपणच पडतं आणि आपणच रुजतं. झाडं लावणं आणि रान राखणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आहे त्याला कुऱ्हाड, आग आणि शेरडं लागू दिली नाहीत तरी पुष्कळ. हे मला कळलं होतं, दत्तू, पण तुझ्यापुढं बोलायला जीभ उचलली नाही. तूही निलगिरीचं पुन्हा कधी काढलं नाहीस. मी समजायचो, मोठ्या भांडणासाठी राखून ठेवलंय.

मोठं भांडण यंदा झालं, पण त्यात तू निलगिरीचं नाव काढलं नाहीस.

देवळाच्या कमिटीनं एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला. उघड्यावरच्या देवाला स्लॅबचं देऊळ, पुढं लग्नाचा हॉल, बाजूला गाड्या लावायला जागा. चित्रात सगळीकडं फरशी होती. त्या फरशीच्या जागी आज जांभूळ, हिरडा, किंजळ आणि झऱ्याच्या डोक्यावरची निम्मी राई उभी आहे. पुण्याला असलेल्या गावच्या मंडळींनी जोर लावला होता, पण तेही म्हणाले, आधी कौल घ्या. मी निर्धास्त होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझ्या लबाडीचा आधार वाटला.

शिमगा झाल्यावर कौल लागला. सगळं गाव राईत, मी बांधावर. तू अंगावर टॉवेल घेतला होतास आणि हात त्याच्या आत. पाकळ्या काढल्यास, भर्रकन दोन्ही लावल्यास आणि हात परत आत घेतलास. माझी नजर उजवीवर. अंगठा दाबला नाहीस. मी डोळे चोळून बघेपर्यंत उजवी पाकळी खाली आली.

"चांगभलं!" म्हणून गाव ओरडलं. हलगी सुरू झाली.

कौलाच्या पंधरा दिवस आधीच तुझ्या घरावर नवे पत्रे चढले होते. मी दोन आणि दोन चार केले. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर चार माणसांत तुला विचारलं, "पत्रे कुणी दिले रे, दत्तू?"

तू दोन्ही हातांनी धरलेला ग्लास खाली ठेवलास. थोडा सांडला. माझ्याकडं बघून म्हणालास, "मास्तरा, तूच म्हनत हुतास की, एकदा खरा लाव म्हनून."

"खरं? आणि तू?" असं म्हणून मी चहा टाकून निघून आलो. तुझ्याशी बोललेलं ते माझं शेवटचं वाक्य. तेही लिहून ठेवतो.

तुला दवाखान्यात नेल्याचं कळलं तेव्हा मी कोल्हापूरला गेलो होतो. हे कुणाला माहीत नाही. फाटकाशी उभा राहिलो, वॉर्ड विचारून घेतला. मग वाटलं, हा समजेल मी पड खायला आलोय. पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं आणि एसटीत बसून परत आलो. पुढचा आठवडा तू ठेवलास कुठं?

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी तुझ्या घरनं वैनींनी मला बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत, सरळ परड्यात घेऊन गेल्या. तिथं भिंतीला पाटा उभा होता. पाट्यावर वाळून चिकटलेल्या पाकळ्यांचे डाग.

"दोन वरसं झाली, ह्यांचा हात हालत हुता," वैनी म्हणाल्या. "कपबशी धराय यायची न्हाय, म्हनून ग्लासानं च्या प्यायचं. शिमग्याच्या आदी म्हैनाभर रोज सांजंचं हितं बसायचं. पाकळी लावायचं, अंगठा ठरायचा न्हाय, पाकळी पडायची. परत लावायचं. मी म्हटलं, ह्यो कसला ख्योळ? तर म्हनालं, मास्तराचा परयोग करतोय."

मी पाट्यावरचा एक डाग नखानं खरवडून बघितला.

"त्येला सांगू नगंस, म्हनालं. हसंल मला."

"आणि पत्रे, वैनी?" निर्लज्जासारखं मी विचारलंच.

"पोरीनं बचत गटातनं घेतल्यालं. का वो?"

सांगितलं नाही का ते. बत्तीस वर्षं हाताकडं बघणारा मी. चहाचा ग्लास दोन हातांत, सांडलेला चहा, टॉवेल, सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. अंगठा बघितला, थरथर बघितली नाही. तू एवढ्या मोठ्या मनाचा माणूस असशील हे धरूनच चाललो नव्हतो मी, तिथं चुकलो.

पण माझा संशय तेवढ्यानं मिटत नाही. हात ठरत नव्हता तर आजारी आहे म्हणून घरी बसायचंस. पुढच्या वर्षावर ढकलायचंस. तू का लावलास कौल? तुला वाटलं का, चाळीस वर्षं मी देवाला सांभाळलं, एकदा तो मला सांभाळेल? तू खरंच मानत होतास त्याला? की तुला वाटलं, होऊन जाऊ दे एकदा मास्तराच्या मनासारखं, देव बाजूला होऊ दे, बघू हा कसा समजावतो लोकांना? मला दुसरंच खरं वाटतं. तू राई माझ्या गळ्यात टाकून गेलास.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मांडवातच बैठक बसली. तोडायची तारीख ठरवायची होती, येता सोमवार म्हणत होते. मी टिपणं काढून नेली होती. झरा, पाचोळा, मुळं, माती, आसपासच्या वाड्यांचे टँकर, सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं, दत्तू, वर्गात सांगायचो त्याहून चांगलं. लोक सुपारी कातरत होते. कमिटीतला एकजण म्हणाला, "सर, पानी कमी पडलं तर बोअर मारू की." माणसं हसली आणि मी खाली बसलो. समजावून सांगायचं माझं जन्मभराचं शास्त्र एका बोअरनं निकालात निघालं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं हौसाआक्का बोलली. "कौल उजवा दिला आनि दोन म्हैन्यात गुरव गेला. द्येवाला पटल्यालं न्हाय त्ये."

अडकित्त्यांचा आवाज थांबला. कुणीतरी हळूच कानाला हात लावला. कमिटीचा माणूस माझ्याकडं वळला. "सर, तुमी विज्ञानवालं. तुमीच सांगा ह्यास्नी. ह्यो योगायोग हाय का न्हाय?"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. सांगायला चार वाक्यं पुरली असती. दत्तू दोन वर्षं आजारी होता, त्याचा हात हलत होता, हृदय कमजोर होतं, हा डॉक्टरांचा कागद. वैनींनी वाचायला दिलेला तो कागद माझ्या खिशात होता. तो काढला असता तर तुझं नाव स्वच्छ राहिलं असतं आणि सोमवारी राईत करवत आली असती. नाही काढला तर राई वाचत होती, पण दत्तू गुरवानं चुकीचा कौल दिला आणि देवानं त्याला नेलं, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगणार होतं. वैनी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनाही सगळं माहीत होतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मला सांगता येत नाही. विज्ञानाला सगळंच कळतं असं नाही."

असलं उत्तर लिहिणाऱ्या पोराला मी शून्य दिलंय. खाली बसलो तेव्हा हात खिशातच होता, आणि त्या घडी घातलेल्या कागदावर माझा अंगठा गच्च दाबलेला होता. 

कमिटीनं वर्षभर थांबायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवरचा फ्लेक्स उतरला.

तिन्हीसांजेला मी वैनींकडं गेलो. तोंड दाखवायला जागा नव्हती, तरी गेलो. म्हटलं, "वैनी, दत्तूच्या नावाला मी डाग लावला."

त्या तांदूळ निवडत होत्या. "राई ऱ्हायली न्हवं?"

"सध्या राहिली."

"मग हूं द्या." एक खडा बाजूला टाकून, वर न बघता म्हणाल्या, "पर मास्तर, जल्मभर नगा ठिऊ त्ये त्यांच्यावर."

म्हणून ही वही. भीतीनं वर्षभर मिळालंय, त्याहून जास्त मिळेल असं मला वाटत नाही, तिथं माझा संशय अजून कायम आहे. तुझ्या जागी येणारा नवा गुरव कुठं अंगठा दाबेल ते कुणी सांगावं? ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आहे म्हणे. आहे, कागदावर. तिची नोंदवही मी मागून आणली, आत एक अक्षर नाही. सोमवारी सुट्टीला आलेली पोरं घेऊन राईत जातोय. बांधावर बसून भाषण देणार नाही. पायऱ्या चढून आत जायचं, पाचोळ्यात प्रत्येकाचा हात मनगटापर्यंत घालायचा, मूठ आवळायला लावायची आणि मग झाडं, वेल, पाखरं त्यांच्या त्यांच्या हातानं वहीत लिहून घ्यायची. त्यांच्या आयांनाही बोलावलंय, पाणी त्याच भरतात. वही भरली की राईची सरकारदरबारी नोंद करायला अर्ज. आणि ह्या वेळी पाचोळ्याचा धडा कुणी शिकवला ते सांगणार आहे.

देवानं माफी मागितलेली नाही, तरी मी आत जातोय. तेवढं ध्यानात ठेव.

ज्या दिवशी ह्या गावात कुणीतरी कौलाचं नाव न काढता म्हणेल, राईला हात लावू नका, आपलं पाणी आहे ते, त्या दिवशी ही वही कपाटातनं काढून भर सभेत वाचून दाखवीन. दत्तूला देवानं नेलं नाही. त्याचा हात हलत होता, आणि त्यानं जन्मात एकदाच खरा कौल लावला, तोही माझ्या हट्टापायी. पत्रे पोरीनं घेतले होते. हेही वाचीन.

माझंही वय झालंय, घाई करतो. तोवर तेवढी कळ काढ, दत्तू.